डासाच्या पोटातले दहा दिवस

एडिस इजिप्तीची मादी एका बैठकीत दोन-तीन मिलिग्रॅम रक्त पिते. तिचं स्वतःचं वजनही साधारण तेवढंच. हातावर बसलेल्या मादीला उडवून न लावता पाहत राहिलं तर सगळं नीट दिसतं. सोंडेचं बाहेरचं आवरण मधेच दुमडतं, आतल्या बारीक सुयांचा जुडगा कातडीत शिरतो, पांढऱ्या पट्ट्यांचे मागचे पाय वर उचललेले राहतात आणि बघता बघता पोट लालभडक होऊन तट्ट फुगतं. ज्याचं रक्त प्यायलं त्याला डेंगी झालेला असेल, तर विषाणू तिच्या पोटात गेला. पण त्या दिवशी ती कुणाला डेंगी देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. साधारण आठ ते बारा दिवस जावे लागतात. या दिवसांत तिच्या अंगात काय चालतं, याचं मला गेली काही वर्षं फार कुतूहल आहे. ही त्याचीच टिपणं.

*

हा मधला काळ पहिल्यांदा मोजला गेला तेव्हा पीतज्वर याच डासामुळे पसरतो हे सिद्धही झालेलं नव्हतं. १८९८ साली हेन्री रोझ कार्टर हे अमेरिकी डॉक्टर मिसिसिपी राज्यातल्या ऑरवुड आणि टेलर या छोट्या वस्त्यांत साथीच्या कामावर होते. घरं एकमेकांपासून लांब होती, त्यामुळे कोण कुणाकडे कोणत्या दिवशी गेलं याचा हिशेब लावता येत होता. कार्टरांनी तो लावला. घरात पहिला माणूस तापाने पडल्यावर लगेच भेटून गेलेले लोक सुखरूप राहत. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्याच घरात पाऊल टाकणारे मात्र आजारी पडत. रोग माणसाकडून माणसाकडे जाताना मधे कुठेतरी थांबतो, मुरतो, एवढं त्यांना कळलं. कुठे थांबतो ते कळलं नव्हतं.

क्यूबातल्या कार्लोस फिनलाय यांनी १८८१ सालीच डासाकडे बोट दाखवलं होतं, पण त्यांचे प्रयोग कुणाला पटत नव्हते. रुग्णाला चावलेला डास ते फार लवकर दुसऱ्याला चावू देत. १९०० साली हवानात वॉल्टर रीड यांच्या मंडळाने डास बारा-बारा दिवस सांभाळून ठेवले आणि मग कोडं सुटलं. त्याच मंडळातले जेसी लझीर त्या सप्टेंबरात पीतज्वराने गेले. चौतिशीत. डासाच्या पोटातल्या त्या दहा-बारा दिवसांची किंमत इतक्या थेटपणे मोजलेली माणसं आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाहीत, याचं वाईट वाटतं.

*

एका प्रयोगशाळेत डासाची चिरफाड जवळून पाहायला मिळाली. मादीला बर्फावर ठेवून गार करतात, पाय आणि पंख काढतात आणि काचपट्टीवरच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबात तिला आडवी ठेवतात. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसरीने पोटाची शेवटची वलयं अलगद मागे ओढायची. जठराची नळी अख्खी बाहेर सरकते. पुढचा भाग अरुंद, मागचा फुगीर, आणि त्याच्या टोकाला उत्सर्जनाच्या पाच पिवळट नळ्या पसरलेल्या. लाळग्रंथी काढणं आणखी नाजूक. डोकं हळूच ओढलं की त्याच्या मागोमाग दोन ग्रंथी येतात. प्रत्येकीला तीन पाळ्या, मधली आखूड. हात जरा जड पडला की ग्रंथी तुटतात आणि डोकं तेवढं सुईला चिकटून येतं.

विषाणूला चिकटून चमकणारा रंग टाकला की खरं चित्र दिसतं. रक्त प्यायल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जठराच्या भिंतीत लागण झालेल्या पेशी अगदी मोजक्या असतात. काळ्या पार्श्वभूमीवर इथे एक हिरवा ठिपका, तिथे एक. मग ठिपक्यांची बेटं होतात, बेटं एकमेकांना भिडतात. काही माद्यांत मात्र ती भिडतच नाहीत. रक्त तेच, विषाणू तोच, एकाच पेटीत वाढलेल्या बहिणी. तरी एकीचं जठर हिरवंगार आणि दुसरीचं जवळपास कोरं.

विषाणूला एकूण चार वेशी ओलांडायच्या असतात: जठराच्या पेशीत शिरणं, तिथून शरीरातल्या द्रवात बाहेर पडणं, लाळग्रंथीत शिरणं आणि ग्रंथीतून लाळेत उतरणं. प्रत्येक वेशीवर काही माद्यांत विषाणूचा प्रवास संपतो.

*

डासाला प्रतिपिंडं नाहीत. आपल्यासारख्या लसीकापेशीही नाहीत. त्याची मुख्य भिस्त आरएनए ओळखून तो कातरण्यावर आहे.

डेंगीच्या विषाणूचा सगळा मजकूर म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनएचा एकपदरी धागा. पेशीत शिरल्यावर त्याच्या प्रती निघतात, आणि प्रत निघताना काही वेळ मूळ धागा व उलटा धागा एकमेकांना चिकटून दुपदरी होतात. डासाची पेशी स्वतःच्या कामकाजात इतका लांब दुपदरी आरएनए सहसा बनवत नाही. तो दिसला की डायसर-२ नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि कापडाच्या दुकानात गजाने मोजून तुकडे फाडावेत तसे त्याचे एकवीस-एकवीस अक्षरांचे तुकडे पाडतं. आर्गोनॉट-२ हे दुसरं प्रथिन अशा तुकड्याचा एक पदर टाकून देतं, दुसरा जवळ ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा धागा पेशीत जिथे सापडेल तिथे तो मधोमध तोडतं. म्हणजे विषाणूच्या मजकुरातूनच त्याला शोधण्याची खूण तयार होते. नवा, कधी न पाहिलेला विषाणू आला तरी यंत्रणा तीच चालते, कारण खूण दर वेळी ताजी बनते.

दुपदरी आरएनएमुळे जनुकं गप्प होतात हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका बारीक गोलकृमीत दाखवलं. २००६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डासांवर काम करणाऱ्यांनी ही कल्पना फार लवकर उचलली. २००४ साली अॅनॉफिलिस गॅम्बी या हिवतापाच्या डासात ओन्यॉन्ग-न्यॉन्ग या आफ्रिकी विषाणूवर हीच यंत्रणा काम करते हे दिसलं, आणि २००९ साली कोलोराडोतल्या गटाने ते एडिस इजिप्ती आणि डेंगी यांच्या जोडीत दाखवलं.

*

त्या २००९ च्या कामातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मादीतलं डायसर-२ तात्पुरतं बंद केलं, तेव्हा विषाणू वाढला, हे अपेक्षितच होतं. पण त्याबरोबर लाळेत विषाणू उतरण्याचा दिवसही अलीकडे आला. दहाव्या दिवसाऐवजी सातव्या.

तीन दिवसांनी काय होतं? हिशेब करून पाहू. समजा, मोकळ्या वातावरणात एडिसच्या शंभर माद्यांपैकी रोज दहा टक्के मरतात. सातव्या दिवशी अठ्ठेचाळीस उरतील. दहाव्या दिवशी पस्तीस. म्हणजे डासाची प्रतिकारयंत्रणा विषाणूला अजिबात न मारता, नुसता तीन दिवस उशीर करूनही रोग पसरवू शकणाऱ्या माद्यांची संख्या बरीच खाली आणते. आणि उरलेल्या माद्यांनाही रोगट लाळ घेऊन जगायला तीन दिवस कमी मिळतात.

साथ वाढणार की विझणार, हे पुष्कळदा या दोन-तीन दिवसांवर ठरतं. पालिकेचा कर्मचारी धूर सोडून गेला की लोकांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं, पण एडिस घरात, पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसते आणि गल्लीतला धूर तिथवर फारसा पोचत नाही. कूलरमधलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणं, पिंप घासून कोरडं करणं ही कंटाळवाणी कामं खूप जास्त मोलाची आहेत.

*

पुण्याच्या वाचकांना हे टिपण मुद्दाम सांगायचं आहे.

१९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं. पुढे १९७८ साली तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. या केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या दोन्ही डासांच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या घेऊन त्यांच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवल्या. १९६७ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा दोन-तीन पानी लेख आला. डासाच्या पेशी डासाच्या शरीराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढू लागल्या होत्या. तोवर डासांतला विषाणू वाढवायचा तर जिवंत डास पाळा, उंदरांची पिल्लं पाळा, असा व्याप होता.

सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशी जगभर गेल्या. १९७८ साली अकिरा इगाराशी यांनी त्यांतून एकेक पेशी वेगळी करून तिची संतती वाढवली आणि कोणत्या संततीत डेंगी व चिकुनगुन्याचा विषाणू सर्वांत जोमाने वाढतो ते तपासलं. एक ओळ बाकीच्यांच्या फार पुढे निघाली. तिचं नाव सी-६/३६. आजही एखाद्या रुग्णाच्या रक्तातून डेंगी, चिकुनगुन्या किंवा झिकाचा विषाणू वेगळा काढायचा असेल तर जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा याच पेशींकडे वळतात. २८ अंश तापमान, झाकण घट्ट बंद केलेली बाटली, एवढ्यावर त्या खुशाल वाढतात.

विषाणूला त्या इतक्या का मानवतात, हे बत्तीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. २०१० साली दोन स्वतंत्र शोधनिबंधांत उत्तर आलं. या पेशींत आरएनए कातरण्याची यंत्रणा मोडलेली आहे. त्यांच्यात विषाणूचे एकवीस अक्षरी तुकडे पडतच नाहीत. नंतर नेमकं बोट ठेवता आलं ते डायसर-२ च्या जनुकावर: एक अक्षर, फक्त एक, गळालेलं. त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं.

सिंग यांच्याच मूळ पेशींतून निघालेली दुसरी एक ओळ आहे, यू-४.४. तिचं डायसर-२ शाबूत आहे आणि तिच्यात तुकडे नीट पडतात. एकाच अळ्यांच्या खेपेतून आलेल्या या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की डासाची बचावयंत्रणा असण्याने आणि नसण्याने काय फरक पडतो ते डोळ्यांना दिसतं.

इगाराशी यांनी शोधली ती विषाणूला सर्वांत जास्त रुचणारी पेशी. हाती आली ती निःशस्त्र झालेली पेशी. तीस वर्षं जगभरच्या डेंगी-निदानाला याच मोडलेल्या जनुकाचा आधार होता. आणि दुसरी बाजूही खरी आहे: 'डासाची पेशी विषाणूला असा असा प्रतिसाद देते' असं ज्यांनी सी-६/३६ वरून लिहिलं, त्यांची विधानं आता नव्याने वाचावी लागतात. पुणे स्टेशनपासून जवळ, डॉ. आंबेडकर रस्त्यावर, ज्या संस्थेतून या पेशी निघाल्या तिच्यासमोरून हजारो लोक रोज जातात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सिंग यांच्या कामाचा परिच्छेद यावा असं मला मनापासून वाटतं.

*

यंत्रणा पूर्ण बंद पडली तर डासाचं काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे.

फ्लॉक हाउस नावाचा एक कीटकांचा विषाणू आहे. त्याच्याकडे बी-२ हे प्रथिन असतं. ते दुपदरी आरएनएला स्वतःच चिकटून बसतं, त्यामुळे डायसरला तो धरता येत नाही. संशोधकांनी या बी-२ चं जनुक सिंडबिस या डासांतून पसरणाऱ्या विषाणूत घातलं आणि तो डासांना दिला. साधा सिंडबिस घेतलेले डास नेहमीसारखे जगले. बी-२ वाला घेतलेले भराभर मेले.

या प्रयोगाने माझा दृष्टिकोन बदलला. आपण समजतो की डास विषाणूचा वाहक आहे, विषाणूचं त्याला काही होत नाही. त्याला काही होत नाही कारण तो सतत, तासागणिक विषाणूला कातरत असतो. आणि एखादा विषाणू जर डासाची यंत्रणा पूर्ण मोडणारा निघाला, तर डास मरतो आणि त्याच्याबरोबर विषाणूचीही पुढची वाट बंद होते. म्हणून डेंगी, चिकुनगुन्या यांच्यासारखे विषाणू डासात तरी सबुरीने वागतात. मादी मरेपर्यंत तिच्या अंगात राहतात, पण तिला फारसं खंगवत नाहीत. आपल्याला होणारा आजार या तडजोडीतून येतो. मादी विषाणूला पूर्ण हरवत नाही, पूर्ण मोकळंही सोडत नाही.

*

डायसर-२ चं काम कातरण्यावर संपत नाही. ऑस्ट्रेलियात जिलाँगला प्रसाद पराडकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली क्युलेक्स डासाच्या पेशींत पाहिलं की वेस्ट नाइल विषाणू शिरल्यावर डायसर-२ मुळे व्हॅगो नावाचं एक छोटं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीबाहेर टाकलं जातं. शेजारच्या निरोगी पेशींत ते बचावाची दुसरी एक साखळी चालू करतं. माणसात हे काम इंटरफेरॉन करतं. कीटकांत इंटरफेरॉन नाही, तरी लागण झालेल्या पेशीने शेजारणींना सावध करण्याची सोय तिथेही निघाली.

*

बचावाची टोल नावाची आणखी एक साखळी आधी फळमाशीत सापडली. ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल त्या कामासाठी मिळालं. २००८ साली एडिस इजिप्तीमध्ये दिसलं की ही साखळी मुद्दाम जास्त चालवली तर डेंगी कमी होतो आणि दाबली तर वाढतो. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे. प्रतिजैविकं देऊन जठरातले जिवाणू मारले, तर अशा माद्यांत डेंगीचा विषाणू जास्त वाढला. जठरातल्या साध्या जिवाणूंमुळे ही साखळी कायम थोडी जागी राहत असावी.

टाकीतला, फुलदाणीतला, रस्त्यावरच्या टायरमधला डास वेगवेगळे जिवाणू घेऊन मोठा होतो. अळी कुठल्या पाण्यात वाढली यावर मोठ्या मादीची ताकद काही अंशी ठरत असेल, तर गावागावांत डेंगी वेगळा का वागतो याचा एक धागा इथे आहे.

*

एडिस इजिप्तीच्या जनुकसंचात विषाणूंचे जुने तुकडे अडकून पडलेले आहेत. शंभराहून जास्त. हे विषाणू आरएनएचे, त्यांना डीएनए होताच येत नाही. तरी डासाच्या पेशीतल्या उड्या मारणाऱ्या जनुकांची यंत्रणा कधीतरी त्यांच्या आरएनएचा डीएनए करून ठेवते आणि तो गुणसूत्रात बसतो. आईकडून लेकीकडे, तिच्याकडून पुढे.

या तुकड्यांतून पायवी नावाच्या प्रथिनांसाठी थोडे लांब, चोवीस ते तीस अक्षरांचे आरएनए निघतात. फळमाशीत या घराण्यातली प्रथिनं तीन. एडिस इजिप्तीत आठ. (हे लांब तुकडे सी-६/३६ मध्ये ठळक दिसले, एकवीस अक्षरी तुकडे तिथे नसल्यामुळे ते लपले नाहीत.) तुकड्यांचा खरोखर उपयोग होतो का, याचं उत्तर २०२० साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलं. डासांतच राहणारा, माणसाला न होणारा एक विषाणू आहे, १९७५ साली सापडलेला. तो पेशी एकमेकींत मिसळवून टाकतो. त्याचा एक जुना तुकडा डासाच्या गुणसूत्रातून नेमका कापून काढला, तेव्हा त्या माद्यांच्या अंडाशयांत तो विषाणू वाढला. म्हणजे पणजीच्या पणजीला झालेली लागण नातीच्या अंडाशयाचं रक्षण करत होती.

त्याच संस्थेतल्या एका गटाने २०१६ साली दाखवलं होतं की ताज्या लागणीतही असा डीएनए तयार होतो. त्यांनी एचआयव्हीवर दिलं जाणारं एझेडटी हे औषध डासांना देऊन तो तयार होण्यात अडथळा आणला. चिकुनगुन्या झालेले ते डास मेले. विषाणू अंगात घेऊन जगण्यासाठीही डासाला या नोंदीची गरज असते.

*

एक प्रश्न बरीच वर्षं अडलेला होता. कातरणारी यंत्रणा इतकी चांगली आहे, तर जठरात डेंगी आटोक्यात का येत नाही? ब्राझीलच्या जुआंव मार्केस यांच्या गटाने २०१८ साली शोधलं की एडिसच्या जातींत लॉक्स-२ नावाचं एक मदतनीस प्रथिन आहे, आणि नेमकं जठरात ते बनतच नाही. बाकीच्या अंगात बनतं. त्यांनी जनुकबदल करून जठरात लॉक्स-२ बनणारे डास तयार केले. त्यांच्यात डेंगीचा फैलाव रोखला गेला.

पहिल्याच वेशीवर पहारेकरी कमी! रक्त पचवताना जठराच्या पेशीवर आधीच केवढा ताण असतो. तिथे ही यंत्रणा चालवणं मादीला परवडत नसावं, असा माझा कयास आहे. अंडी घालायला तिला हेच रक्त लागतं.

*

विषाणूकडेही उपाय आहेत. डेंगीच्या आरएनएच्या शेपटीला अशा घट्ट गाठी आहेत की पेशीतलं आरएनए खाणारं प्रथिन तिथे येऊन अडतं. मग ती शेपटी तशीच शिल्लक राहते आणि पेशीत तिचा ढीग साठतो. २०१७ साली दिसलं की लाळग्रंथीत ही शेपटी टोल साखळीला दाबते. शेवटच्या वेशीवर, माणसाच्या रक्तापासून एका चाव्याच्या अंतरावर.

*

१९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या केंद्रातल्या लोकांनी तिथे जाऊन ती अभ्यासली. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात माणसं काठी टेकत वाकून चालत होती, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. परतलेला विषाणू बार्शीचा नव्हता. बार्शीतला आशियाई घराण्यातला होता. हा पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकेच्या घराण्यातला.

त्याच सुमारास रेयुनियन बेटावर या विषाणूच्या आवरणातल्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी अॅलनीनच्या ठिकाणी व्हॅलीन आलं. या एका बदलाने एडिस अल्बोपिक्टसच्या जठरात शिरणं त्याला फार सोपं झालं. २००६ साली महाराष्ट्रात फिरलेल्या विषाणूत हा बदल नव्हता, कारण इथे एडिस इजिप्ती होती आणि तिच्यात त्याला तशी गरज पडत नव्हती. २००७ साली केरळात, जिथे रबराच्या बागांत अल्बोपिक्टस माजलेला आहे, तिथे बदललेला विषाणू सापडला. डासाची पहिली वेस विषाणूची निवड करते, आणि ती निवड एका-दोन वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत होते.

*

थंडीत वाढलेल्या डासांत कातरण्याची यंत्रणा मंदावते. २०१३ सालचं काम आहे. १८ अंशांत वाढवलेल्या एडिस विषाणूंना जास्त बळी पडल्या. उष्णतेत विषाणू डासात लवकर पिकतो हे खरं, पण थंडीत डास कमजोर होतो हेही खरं. हवामानबदल आणि डेंगी यांवरच्या सोप्या भाकितांवर माझा म्हणूनच पूर्ण भरवसा बसत नाही.

*

वोल्बाकिया हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू १९२४ साली बोस्टनजवळच्या क्युलेक्स डासांत सापडला. एडिस इजिप्तीत तो सहसा नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया तिच्यात घातला की डेंगीचा विषाणू तिच्यात नीट वाढत नाही. यात प्रतिकारयंत्रणा डिवचली जाते हे एक कारण दिसतं, कोलेस्टेरॉलसारख्या मालावरून जिवाणू आणि विषाणूत होणारी ओढाताण हे दुसरं. २०११ साली ऑस्ट्रेलियात केर्न्सला असे डास सोडले. इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ साली आला: वोल्बाकियाचे डास सोडलेल्या वस्त्यांत डेंगी ७७ टक्क्यांनी कमी. पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ साली असे डास तयार झाल्याचं जाहीर केलं. योग्याकार्ताचा आकडा वाचल्यापासून मला वाटतं, की आपल्याकडे हा प्रयोग एखाद्या शहरात नीट, वस्त्या चिठ्ठ्या टाकून निवडून व्हायलाच हवा.

*

थायलंडमधल्या काम्फेंग फेटच्या डासांवर २०१३ साली झालेलं एक काम. डायसर-२ च्या जनुकाचे तिथल्या डासांत वेगवेगळे प्रकार आहेत, आणि कोणता प्रकार डेंगीला चांगला अडवतो हे डेंगीचा वाण कोणता यावर ठरतं. एका वाणाला अडवणारी मादी दुसऱ्याला वाट देते. सर्व वाणांवर भारी पडेल असा एकच प्रकार दिसत नाही.

म्हणजे 'भारतातली एडिस' असं बोलून भागणार नाही. २०२१ साली एडिसच पसरवते त्या झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. बेलसरची एडिस, बार्शीची एडिस, नागपूरची आणि वसईची एडिस यांच्यात डायसर-२ चे कोणते प्रकार आहेत, आणि दर पावसाळ्यात आपल्या रुग्णांत सापडणाऱ्या डेंगीच्या वाणांपुढे त्यांतली कोण किती दिवस टिकते, हे मोजायला हवं. अंडी गोळा करायला काळा डबा, त्यात थोडं पाणी आणि कापडाची पट्टी पुरते. विषाणू पाजण्याचा भाग मात्र बंदिस्त प्रयोगशाळेतच करावा लागतो, आणि तशी सोय पुण्यात आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांनी अंडी गोळा करावीत आणि पुण्यात ती वाढवून तपासली जावीत. हे काम दर वर्षी, त्याच गावांत, त्याच महिन्यांत करत राहावं लागेल.